फेकायचा फिशफाइंडर, लेक लेनियर आणि पाण्यातली ती धुरकट रेघ

आधी निकाल सांगून टाकतो. दोरीला बांधून पाण्यात फेकायचा जो वायरलेस फिशफाइंडर मिळतो ना, टेनिसच्या चेंडूएवढा गोळा, फोनवर चित्र दाखवणारा, तो मासे शोधायला घेणार असाल तर पैसे पाण्यात. पण उन्हाळ्यात खोल तलावावर बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) गरवायला जात असाल आणि स्वतःची बोट नसेल, काठावरून किंवा कयाकमधून गळ टाकत असाल, तर डोळे झाकून घ्या, कारण तो रेघ दाखवतो. कंपनीचं नाव टाकत नाही, या जातीचे तीन-चार गोळे बाजारात आहेत आणि गुण-दोष सगळ्यांचे साधारण सारखेच.

रेघ म्हणजे थर्मोक्लाइन. मी हा गोळा वापरतो लेक लेनियरवर, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात अटलांटाच्या उत्तरेला चॅटाहूची नदीवर ब्युफर्ड डॅम बांधून झालेला तलाव. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं गार आणि जड ते तसंच पडून राहतं आणि मध्ये एक पट्टा असतो जिथे थोड्याच फुटांत तापमान धाडकन उतरतं. वारा कितीही सुटू दे, तो वरचंच पाणी घुसळतो, या पट्ट्याखाली त्याचं काही चालत नाही. मग खालच्या पाण्याला नवा ऑक्सिजन कुठून मिळणार, आणि तळाशी सडणारा पालापाचोळा आहे तोही खात बसतो, त्यामुळे उन्हाळा सरत येईतो बऱ्याच तलावांत खाली बासला जगण्यापुरताही उरत नाही. म्हणजे तलाव शंभर फूट खोल असला तरी बासच्या हिशेबाने तो वरच्या पंचवीस-तीस फुटांचाच. हे एकदा डोक्यात बसलं की खोल पाण्यात जिग (शिशाच्या डोक्याचा गळ) खालीवर करत दुपार घालवायची वेळ येत नाही.

आता गोळा कसा वापरायचा ते, कारण मॅन्युअलमध्ये यातलं काही नाही. पहिलं काम म्हणजे ॲपमधली माशांची चित्रं बंद करा. लेनियरच्या पोटात बुडालेली झाडं अजून उभी आहेत आणि हे ॲप प्रत्येक फांदीला मासा म्हणतं, वर साइजही सांगतं! मग सेन्सिटिव्हिटी वाढवत न्या, ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत बिनधास्त, स्क्रीनभर कचरा दिसायला लागेल पण त्या कचऱ्यातच एक धुरकट आडवा पट्टा उमटतो. तिथे पाण्याची घनता बदलते, आणि प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे बारीक जीव), मेलेलं शेवाळ असलं सगळं येऊन तिथेच तरंगत राहतं, गोळ्याच्या सोनारची, म्हणजे पाण्यात सोडलेल्या आवाजाची, लाट त्यावरून थोडी परत येते म्हणून तो दिसतो. खात्री करायची तर गोळा हळूहळू काठाकडे ओढत आणा. तळ चढत वर येतो, पट्टा मात्र जागचा हलत नाही, जुलैत माझ्याकडे तो साधारण २७-२८ फुटांवर असतो, आणि एका ठिकाणी तळ येऊन त्याला भिडतो. पाण्यात घुसलेल्या जमिनीच्या टोकावर ही भेटीची जागा सापडली की गोळा काढून ठेवा आणि तिथून जरा वर, वीस ते पंचवीस फुटांत, ड्रॉप शॉट (खाली वजन आणि त्याच्या वर गळ अशी मांडणी) सोडा. लेनियरचे स्पॉटेड बास पाण्यात बुडवलेल्या झुडपांच्या ढिगांवर बसलेले असतात, पण ढीग ४० फुटांवर असेल आणि शेंडा रेघेच्या वर येत नसेल तर तिथे वेळ घालवू नका.

आता तक्रारी. बॉक्सवर ठळक अक्षरात पाण्याचं तापमान दाखवतो म्हणून लिहिलंय, ते फक्त वरच्या पाण्याचं. ८६ फॅरनहाइट दाखवतो आणि गप्प बसतो, खाली काय चाललंय ते नाही. मी त्यावर जुगाड केलाय, लांब वायरचा साधा सेन्सर, त्याला शिसं आणि वायरवर दर पाच फुटांवर टेपची खूण. गोळ्याची रेघ आणि वायरचं तापमान बऱ्यापैकी जुळतं, म्हणून तर एवढ्या खात्रीने लिहितोय. दुसरं, रुंद बीमचा, म्हणजे सोनारच्या रुंद झोताचा, मोह टाळा. ५० अंशांचा कोन ३० फुटांवर जवळजवळ २८ फूट रुंद जागा एकाच चित्रात कोंबतो, सगळी झाडं एकमेकांत मिसळतात. २० अंशांवर तीच रुंदी साडेदहा फूट होते, काहीतरी अर्थ लागतो. तिसरं म्हणजे वाय-फाय. गोळ्याच्या वाय-फायला इंटरनेट नाही म्हणून फोन आपणहून मोबाइल डेटावर उडी मारतो आणि ऐन वेळी चित्र गोठतं, त्यामुळे एअरप्लेन मोड टाकूनच जोडा. जॉर्जियाच्या उन्हात फोन तापून बंद पडतो तो त्रास वेगळाच, त्याला कंपनी तरी काय करणार.

आणि हो, गोळा ऑक्सिजन मोजत नाही. रेघेखाली सगळं मेलेलंच असं धरून चालू नका, लेनियरच्या डॅमजवळच्या खोल भागात स्ट्राइप्ड बास भर उन्हाळ्यात खाली गारव्यात जातात, त्यांचं गणित वेगळं. तो खालचा गारवा बघायचा तर डॅमच्या पलीकडे नदीत उतरा. धरण पाणी तळाकडून सोडतं, म्हणून जॉर्जियासारख्या गरम राज्यात डॅमखाली चक्क गार पाण्यातले ट्राउट मासे जगतात आणि जुलैत गुडघाभर पाण्यात पाय बधिर होतात. फक्त पाणी सोडायच्या वेळा आधी बघून जा आणि भोंगा झाला की लगेच बाहेर, तिथे पाणी फार पटकन चढतं.

थंडी पडली की मात्र हे खेळणं कपाटात. वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बसतं, सगळं वरखाली ढवळलं जातं, काही ठिकाणी सडक्या अंड्याचा वास सुटतो आणि रेघ पुसली जाते. बास मग कुठेही असतात. लेनियर गोठत नाही त्यामुळे हिवाळाभर पाणी जवळपास एकसारखंच. मिनेसोटाकडच्या मंडळींचं वेगळं, तिकडे बर्फाखाली तळाशी ३९ फॅरनहाइटचं सगळ्यात जड पाणी बसतं, बर्फाला भोक पाडून गोळा सोडणारे लोक असतात म्हणे, त्यांनी खाली लिहा.

घेणार असाल तर एप्रिल-मेच्या सुमारास घ्या, म्हणजे रेघ तयार होताना बघता येईल. सोबत जाड वेणीची दोरी आणि दणकट रॉड हवा, गोळा वजनदार आहे, बासच्या नाजूक स्पिनिंग रॉडने जोरात फेकलात तर दोरी तुटून गोळा तलावाला अर्पण, आणि वॉरंटीत ते बसत नाही.