कोळशाच्या थरातील वायूचे सिम्युलेशन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

खानापुरात बसून गेले आठ महिने मी कोळशाच्या थरातील मिथेनचे उत्पादन संगणकावर चालवून पाहत आहे. आमच्या तालुक्यात कोळसा नाही. राणीगंज किंवा सोहागपूरचे थर डोळ्यांपुढे ठेवून नमुना बांधावा लागतो. ज्या संगणक-प्रणालीवर हे करतो तिचे नाव देत नाही, कारण पुढे तक्रार आहे.

या थरांत मिथेन मुख्यतः कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांतील पृष्ठभागाला चिकटलेला असतो आणि ‘क्लीट’ नावाच्या बारीक भेगांत बहुधा पाणी असते. पाणी उपसून दाब उतरवल्याशिवाय वायू सुटत नाही. वडिलांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “आम्ही बोअरला पाणी लागलं की नारळ फोडतो, तुम्ही पाणी कमी झाल्यावर फोडणार म्हणा की!” वायू किती सुटेल हे लँगम्युरच्या वक्रावरून, म्हणजे कोणत्या दाबाला कोळसा किती वायू धरून ठेवतो हे दाखवणाऱ्या रेषेवरून, ठरते आणि प्रणाली तो वक्र उत्तम हाताळते. माझ्या नमुन्यात कमाल धारणक्षमता टनामागे २० घनमीटर आणि लँगम्युर दाब, म्हणजे ज्या दाबाला त्या क्षमतेच्या निम्मा वायू धरला जातो तो, २ मेगापास्कल आहे. दाब ४ वरून ३ मेगापास्कलवर आला तर टनामागे जेमतेम १.३ घनमीटर वायू सुटतो. १ वरून ०.५ वर येताना मात्र २.७ घनमीटर. खरी कमाई शेवटच्या उतारावर आहे, हे आलेखाने जसे दाखवले तसे पुस्तकाने कधी दाखवले नव्हते.

आता तक्रार. मी धरलेला वायू टनामागे १० घनमीटर आणि थराचा दाब ४ मेगापास्कल, म्हणजे दाब २ वर येईपर्यंत विहिरीतून निव्वळ पाणीच यायला हवे. प्रणालीने मात्र न विचारता थर पूर्ण संपृक्त, म्हणजे त्या दाबाला मावेल तितक्या वायूने भरलेला, मानला, टनामागे १३.३ घनमीटर वायू धरला आणि पहिल्याच दिवसापासून उत्पादन दाखवले. आलेख इतका देखणा होता की तीन आठवडे मला शंकाही आली नाही. तो पर्याय तिसऱ्या पडद्यावर, अगदी तळाशी दडलेला आहे.

वायू सुटताना कोळसा आकसतो आणि क्लीट रुंदावतात. हा परिणामही आपणहून चालू करावा लागतो. तो बंद ठेवल्यास उत्तरार्धातील उत्पादन कमी दिसू शकते.

पावसाळ्यात वीज गेली आणि अकरा तास चाललेली गणना वाया गेली, यात प्रणालीचा दोष नाही. मधले टप्पे जतन करण्याची सोय होती. मीच ती वापरली नव्हती. आता दर तासाला जतन होते. परवान्याचे नूतनीकरण करणार आहे, पण नवा नमुना उघडला की आधी तिसऱ्या पडद्याचा तळ गाठतो.