कोकणातली फेरीबोट: हायवे सोडा, एकदा हिने जाऊन बघा

डिसेंबरात आईबाबांना घेऊन ठाण्याहून गणपतीपुळ्याला गेलो, पण हायवेने नाही, अलिबाग-मुरुड करत किनाऱ्याकिनाऱ्याने, आणि वाटेतल्या चार खाड्या गाडीसकट फेरीबोटीने ओलांडल्या. तेव्हापासून भेटेल त्याला हेच सांगतोय, म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आगरदांडा ते दिघी, मग बागमांडला ते वेश्वी, मग दाभोळ ते धोपावे आणि शेवटी तवसाळ ते जयगड. दाभोळची सगळ्यात जुनी, २००३ पासून चालू आहे. ती नसती तर दाभोळहून समोर दिसणाऱ्या धोपाव्याला जायला दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा शंभराच्या वर किलोमीटरचा वळसा, आणि बोटीने जेमतेम पाव तास! गाडीचं तिकीट वेगळं, माणसांचं वेगळं, जेट्टीवरच काढायचं.

बाबांचं आजोळ गुहागर तालुक्यातलं. लहानपणी मे महिन्यात दाभोळला यायचं आणि होडीतून पलीकडे जायचं, ट्रंका डोक्यावर, उतरताना गुडघाभर पाण्यात, हे आम्ही शंभर वेळा ऐकलंय. ह्यावेळी त्याच खाडीत ते गाडीतून उतरून कठड्याला धरून उभे राहिले आणि वाशिष्ठी समुद्राला कुठे मिळते ते आईला हाताने दाखवत होते. बोट लागली तरी गाडीत बसायला तयार नव्हते. माझ्यासाठी अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात भारी क्षण तो.

बोटीवरची पोरं कामाला एकदम पक्की. मला एका ठिकाणी गाडी रिव्हर्समध्ये चढवायला लावली, मला घाम फुटला, पण एक जण पुढे एक मागे उभा राहून "येऊ दे, येऊ दे, बास" करत वीतभर जागेत बरोबर बसवली. हँडब्रेक लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा, आणि मग खाली उतरा, काचा लावून आत बसू नका. आगरदांड्याचा पल्ला त्यातल्या त्यात मोठा, तिथे राजपुरीच्या खाडीत वारा मस्त लागतो.

आता जे खटकलं ते. एका जेट्टीवर आम्हाला तासभर थांबावं लागलं, सावली नाही, बसायला जागा नाही, म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. आणि आपलेच पर्यटक, वेफर्सची पाकिटं सरळ खाडीत टाकतात, एकाला मी बोललोच, अहो ह्याच पाण्यातली मासळी संध्याकाळी हर्णैच्या लिलावात शोधायला जाणार ना आपण!

एक गोष्ट मात्र आधी बघून ठेवा, भरती-ओहोटीच्या वेळा. ओहोटीला जेट्टीचा उतार जास्त लागतो, गाडी खालून बुटकी असेल तर घासायची भीती, तिरकी आणि अगदी हळू घ्या. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करता येते, भरतीत तिकडे फिरकूसुद्धा नका. उलट हेदवीची बामणघळ बघायची तर भरतीच हवी, नाहीतर नुसती खडकातली भेग दिसते. आम्ही पहिल्या दिवशी हे काही न बघता निघालो आणि प्रदक्षिणा हुकली, आईला फार लागलं ते. मग रोज सकाळी राहतो तिथल्या काकांना वेळ विचारून प्लॅन ठरवायला लागलो आणि हेदवीला बरोबर वेळेवर पोचलो, पाणी घळीतून असं काही वर उडालं की आई चिंब.

घाई असेल तर हा रस्ता नको. चार दिवस हाताशी ठेवा, केळशी, आंजर्ले, वेळणेश्वर सगळं वाटेतच आहे आणि रस्ते अरुंद आहेत, मॅपवर दाखवलेल्या वेळेत दीड-दोन तास जास्तीचे धरा. शेवटची बोट किती वाजता सुटते ते त्याच दिवशी फोन करून विचारा, ती चुकली की रात्रीच्या अंधारात तो सगळा वळसा नशिबी.

मे महिन्यात परत जातोय, ह्यावेळी जयगडकडून वर, आणि बाबांनी त्यांच्या मामेभावाला धोपाव्याच्या जेट्टीवर बोलावून ठेवलंय.