बिट मोजायचेत: जुना लूप ठेवावा की तयार फंक्शन घ्यावं?

सीताबर्डीतल्या एखाद्या कोचिंग क्लासचं टेस्ट ॲप घ्या. पेपर ६४ प्रश्नांचा, प्रत्येक प्रश्नाला एक बिट. सोडवला तर १, सोडला तर ०. पोरानं किती प्रश्न सोडवले ते काढायचं, म्हणजे त्या आकड्यातले १ मोजायचे.

जुन्या कोडात बहुधा दोनपैकी एक लूप सापडतो. साधा लूप एकेक बिट उजवीकडे सरकवत बसतो. दुसरा हुशार आहे: आकड्यातून १ वजा करा, मूळ आकड्याशी 'अँड' करा (दोन्हीकडे १ असेल तिथेच १ उरतो), सर्वांत उजवीकडचा १ पुसला जातो. जितके १, तितकेच फेरे. पीटर वेग्नर यांनी ही युक्ती १९६० मध्येच छापली होती; नाव मात्र सी भाषेच्या प्रसिद्ध पुस्तकाचे सहलेखक ब्रायन कर्निगन यांचं झालं.

१ मोजणारं तयार फंक्शन ('पॉपकाउंट') आता बहुतेक भाषांत आहे. सी++२० मध्ये एसटीडी::पॉपकाउंट, जावा ५ पासून इंटिजर.बिटकाउंट, पायथन ३.१० पासून बिट_काउंट.

बदल सुचवणारा आधी वेगाचं कारण देतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २००८ च्या नेहेलेमपासून बिट मोजायची स्वतंत्र सूचना आहे, हे खरं. पण जीसीसी हा कंपाइलर (कोडाचं प्रोसेसरच्या सूचनांत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) साध्या ६४-बिट बिल्डमध्ये ती वापरत नाही. 'एम-पॉपसीएनटी'सारखा पर्याय द्यावा लागतो, नाहीतर मदतनीस फंक्शन बोलावलं जातं. उलट ती सूचना चालू असेल, तर क्लँग हा दुसरा कंपाइलर वेग्नरचा लूप ओळखून स्वतःच तिथे ती टाकू शकतो! तेव्हा भाऊ, असेम्ब्ली (कंपाइलरनं बनवलेल्या प्रोसेसरच्या सूचना) न बघता वेगाच्या गप्पा नकोत.

माझं मत तयार फंक्शनकडेच झुकतं, पण रुंदी (आकडा किती बिटांचा) आणि चिन्हासाठी (अधिक की वजा). जीसीसीचं जुनं अंगभूत फंक्शन, बिल्टिन पॉपकाउंट, ३२ बिटच बघतं. आपला ६४ प्रश्नांचा आकडा त्याला दिला, तर वरचे ३२ प्रश्न गुपचूप गळतात. तिथे नावाच्या शेवटी 'एलएल' असलेला त्याचा भाऊबंदच हवा. एसटीडी::पॉपकाउंट टाइप बघून चालतं आणि चिन्हांकित (वजा आकडेही धरणारा) टाइप दिला तर कंपाइलच होत नाही. वजा १ दिला तर जावाचं इंटिजर.बिटकाउंट ३२ सांगतं, कारण तिथे वजा १ म्हणजे सगळे ३२ बिट १; पायथन १ सांगतं, कारण ते चिन्ह सोडून मोजतं. साधा सरकवणारा लूप पायथनमध्ये वजा आकड्यावर कधी थांबतच नाही. म्हणून बदलण्याआधी शून्य, सगळे १, सर्वांत वरचा बिट आणि वजा १ अशा चार चाचण्या लिहा.

प्रोजेक्ट सी++१७ वर अडकलाय? बिटसेटचं काउंट वापरा, ते फार पूर्वीपासून आहे. कॉर्टेक्स-एम० सारख्या छोट्या चिपवर मात्र स्वतंत्र सूचनाच नाही. तिथे २५६ नोंदींचा तक्ता (८ बिटांच्या प्रत्येक आकड्यात किती १ ते आधीच लिहून ठेवलेलं) आणि तयार फंक्शन, दोन्हींचा वेग मोजून बघा.

आणि लूप नुसता मोजत नसेल, कोणकोणते प्रश्न सोडवले तेही टिपत असेल, तर त्याला हात लावू नका. पॉपकाउंट फक्त संख्या देतं, जागा नाही.