प्रशिक्षक म्हणून कोण सरस: कान्नावारो की मातेराझ्झी?

2006 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या बर्लिनमधल्या अंतिम सामन्यात इटलीच्या बचावफळीच्या मधोमध हे दोघे उभे होते. कान्नावारो कर्णधार, त्याच वर्षी बॅलन डी'ओरचा, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या पुरस्काराचा मानकरी. मातेराझ्झी तर बचावपटू नेस्टा जखमी झाला म्हणून संघात आला, पण अंतिम सामन्यात बरोबरीचा गोल त्याचाच. (फ्रान्सच्या झिदानने त्याला छातीवर डोक्याने दिलेली ती धडक आता पुरे!)

प्रशिक्षक म्हणून मातेराझ्झीचं खातं छोटं आहे: इंडियन सुपर लीगमधला चेन्नईयिन क्लब, बस्स. पण 20 डिसेंबर 2015 ची, त्या लीगच्या अंतिम सामन्याची फातोर्ड्यातली रात्र गोवेकर विसरणार नाहीत. नव्वदाव्या मिनिटाला एफसी गोवा 2-1 ने पुढे. गोव्याचा गोलरक्षक कट्टीमनीच्या हातून स्वयंगोल झाला, लगेच चेन्नईयिनच्या मेंडोझाने तिसरा मारला आणि प्रशिक्षक झिकोच्या गोवा संघाच्या तोंडचा घास गेला.

कान्नावारोने मात्र बरंच पाणी पाहिलंय. चीनच्या ग्वांगझू क्लबने 2015 मध्ये त्याला काढलं, पुन्हा बोलावलं आणि 2019 मध्ये त्याने त्यांना चिनी लीग जिंकून दिली. इटलीतल्या बेनेव्हेन्तो क्लबात तो साफ फसला. 2024 मध्ये उदिनेसे क्लबला मात्र त्याने हंगामाच्या शेवटच्या दिवशी फ्रोसिनोनेला 1-0 ने हरवून सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या अव्वल लीगमध्ये टिकवलं.

माझं मत कान्नावारोलाच. एका हंगामाच्या जेतेपदापेक्षा बुडती नाव तारणं मला जास्त अवघड वाटतं. फातोर्ड्याइतकी थरारक रात्र मात्र त्याच्या खात्यात नाही.