कासवरची मॅक्रो: साठ की शंभर, रिंग फ्लॅश की साधा?

सप्टेंबर तोंडावर आला की साताऱ्यातल्या फोटोवाल्या मित्रांचा एकच प्रश्न असतो: मॅक्रो लेन्स, म्हणजे बारीक फुलं-किडे अगदी जवळून टिपणारी लेन्स, कोणती घेऊ? माझं म्हणणं एवढंच, की आधी उजेडाचं ठरवा, लेन्सचं मग.

कास पठार सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. फुलांच्या दिवसांत तिथं धुकं, झिमझिम, वारा यांपैकी काहीतरी असतंच. सीतेची आसवं हे फूल जेमतेम सेंटीमीटरभर, देठ दोऱ्याएवढा. एक झुळूक आली की सगळा निळा पट्टा डोलायला लागतो. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, फूल नाही सावरत. आणि जवळ गेलं की तेही कमी पडतं. कॅननच्या १०० मिमी एल लेन्सला लांबून चार स्टॉपचा फायदा मिळतो (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट संथ ठेवता येणं), १:१ ला, म्हणजे फूल सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढं उमटतं तेव्हा, दोनच स्टॉपचा. उलट साधा स्पीडलाइट, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणारा सुटा फ्लॅश, १/१६ पॉवरवर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात लखलखून विझतो, तेवढ्यात डोलणारं फूलही टिपून होतं. म्हणून जुनी, स्टॅबिलायझेशन नसलेली टॅमरॉन ९० मिमी आणि सोबत फ्लॅश, ही जोडी मी फ्लॅशविना घेतलेल्या महागड्या लेन्सपेक्षा केव्हाही वर ठेवीन.

आता लेन्स. कॅटलॉगमध्ये ‘कमीत कमी अंतर ३० सेंमी’ असं लिहिलेलं असतं, ते सेन्सरपासून मोजलेलं. तुम्हाला हवं ते लेन्सच्या काचेपासून फुलापर्यंतचं अंतर. १:१ ला शंभरच्या लेन्समध्ये ते साधारण १४-१५ सेंमी मिळतं, कॅननच्या ६० मिमीमध्ये ९-१० सेंमी, आणि निकॉनच्या ४० मिमीमध्ये तीन-चार सेंमीच. एवढ्या जवळ गेलात की लेन्सची सावली फुलावर पडते, फ्लॅशचा उजेड आत शिरायला वाट राहत नाही आणि त्यावर बसलेली माशी तर कधीच उडालेली असते. शिवाय कासला पायवाट सोडून आत जायचं नाही, फुलांवर आडवं व्हायचं नाही. नियम नसता तरी एका फोटोपायी पन्नास रोपं चिरडणं मला पटलं नसतं. वाटेच्या कडेनं काम करायचं तर ९० ते १०५ मिमी. साठ हलकी आहे, घरच्या कुंडीतल्या फुलांना छान आहे, पण कासला हात आखडतो.

१:१ खरंच लागतं का, हेही तपासा. वायतुऱ्याचा तुरा किंवा तेरड्याचं फूल घेताना तुम्ही त्याच्या निम्म्यावरही जात नाही. पूर्ण १:१ लागतं ते दवबिंदू या कीटकभक्षी रोपाच्या पानावर चिकटलेल्या चिलटासाठी. तेवढ्यासाठीच घाई असेल आणि हाताशी ५५-२५० मिमीची झूम लेन्स असेल, तर रेनॉक्स डीसीआर-२५० ही ८ डायॉप्टरची काच पुढे चिमट्यानं अडकवा. झूम १२५ च्या आसपास ठेवलं की १:१ मिळतं, २५० ला त्याच्या दुप्पट. फोकस मात्र शरीर पुढं-मागं झुकवूनच धरावा लागतो. पहिल्या हंगामाला मी हेच सुचवतो, वाचलेल्या पैशांत फ्लॅश येतो.

फ्लॅशमध्ये रिंग फ्लॅश दुकानात फार मोहात पाडतो. लेन्सभोवती बसतो, सावली जवळजवळ पडत नाही, दातांच्या डॉक्टरांना अगदी योग्य. पण सावली नाही म्हणून पाकळीचा उठावही नाही. चकचकीत भुंगेऱ्याच्या पाठीवर आणि दवबिंदूच्या प्रत्येक थेंबात पांढरी रिंग उमटते, ती पुसता येत नाही. नुसती एलईडी रिंग घेऊच नका, तिचा उजेड एफ/११ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र एवढं बारीक केल्यावर, पुरत नाही. १:१ ला एफ/११ म्हणजे प्रत्यक्षात एफ/२२ एवढाच उजेड आत येतो. निकॉन हा बदललेला आकडा दाखवतो, कॅनन दाखवत नाही. लेन्सच्या दोन बाजूंना दोन दिवे असलेला ट्विन फ्लॅश सर्वांत चांगला, एक बाजू मुख्य आणि दुसरी मंद ठेवता येते. पण तो महाग आणि लेन्सच्या तोंडाशी जड, त्यामुळे पहिल्याच खरेदीत त्याची गरज नाही.

माझी निवड साध्या स्पीडलाइटची. तो कॅमेऱ्यावर सरळ ठोकू नका. ब्रॅकेट किंवा केबल घेऊन बाजूला, फुलाच्या थोडा वर आणा. झिमझिमीत हे फारच महत्त्वाचं, कारण कॅमेऱ्यावरूनच सरळ मारलेला फ्लॅश लेन्ससमोरचे थेंब उजळतो आणि फोटोभर पांढरे ठिपके येतात. पुढे ट्रेसिंग पेपर किंवा पातळ पांढऱ्या प्लास्टिकचा मोठा पडदा लावा, फुलाच्या जितका जवळ नेता येईल तितका. थर्मोकोलचा तुकडा दुसऱ्या बाजूला धरला तर सावली हलकी होते.

पार्श्वभूमी काळी पडायला लागली की अनेक जण फ्लॅशलाच दोष देतात. फ्लॅशचा उजेड चार बोटांवर जेवढा असतो तेवढा हातभर मागे पोचत नाही, एवढंच त्याचं कारण. आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता) ८०० पर्यंत वाढवा, शटर १/१०० वर आणा, म्हणजे मागचं धुकं आणि सोनकीचा पिवळा रंग परत येतो. वारा जोरात असेल तेव्हा मात्र शटर १/२०० वरच ठेवा आणि मागे दुसरं फूल जवळ येईल असा कोन शोधा.