पीआरची पदविका आणि दीड वर्षाची नोकरी: हातात किती पडतं, पुढची वाट कुठली

मराठी माध्यमाची शाळा, मराठी साहित्यात बीए, मग मुंबईतल्या एका खासगी संस्थेत जनसंपर्क आणि कॉर्पोरेट कम्युनिकेशनची एक वर्षाची पदव्युत्तर पदविका आणि लगेच लोअर परळच्या एका पीआर (जनसंपर्क) एजन्सीत, म्हणजे कंपन्यांच्या बातम्या माध्यमांपर्यंत पोहोचवणाऱ्या ऑफिसात, नोकरी. या नोकरीला आता दीड वर्ष होत आलं. गावाकडची बरीच मुलंमुली विचारतात की या शिक्षणावर पैसे घालावेत का, म्हणून सविस्तर लिहिते आहे. मत आधीच सांगून टाकते. शिक्षण कामाचं आहे, सुरुवातीचा पगार मुंबईत राहायला तोकडा आहे, आणि पुढे ज्यांनी एखादा विषय घट्ट धरला त्यांचीच कमाई झपाट्याने वाढताना मी पाहिली आहे. 'मला माणसांशी बोलायला आवडतं' एवढ्याच भांडवलावर इथे येऊ नका.

आधी पैशाचं, कारण घरचे पहिल्यांदा तेच विचारतात. आमच्या वर्गातल्या बहुतेकांना वर्षाला साडेतीन ते साडेचार लाखांचं पॅकेज मिळालं. माझं पावणेचार लाखांचं होतं. हा आकडा सीटीसीचा, म्हणजे त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि आरोग्य विम्याचा हप्ता सगळं धरलेलं असतं. त्यातून आपल्या वाट्याचा पीएफ कापला जातो. मग व्यवसाय कर, महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300. (बायकांना महाराष्ट्रात 25 हजारांपर्यंतच्या पगारावर तो माफ आहे, माझा पगार जरासा वर गेला.) हे सगळं जाऊन खात्यात 26 हजारांच्या आसपास जमा व्हायचे. डोंबिवलीत तिघींनी मिळून घेतलेल्या वन बीएचकेचं भाडं, डबा, ऑफिसजवळच्या करी रोड स्टेशनपर्यंतचा लोकलचा पास, मोबाइल आणि घरी थोडे पाठवून महिनाअखेरीस फारसं काही उरत नसे. आई-बाबांच्या घरातून मुंबईतच ये-जा करणाऱ्या वर्गमैत्रिणींना हाच पगार बरा वाटतो, त्यामुळे त्यांच्या सांगण्यावरून आपलं गणित मांडू नका.

पदविकेची फी अडीच लाखांच्या घरात होती. पूर्णवेळ खासगी अभ्यासक्रमांच्या फीमध्ये प्रचंड तफावत आहे, काही ठिकाणी ती माझ्या फीच्या कितीतरी पट आहे. मुंबई विद्यापीठाची गरवारे संस्था किंवा पुण्यातलं रानडे इन्स्टिट्यूट यांसारख्या विद्यापीठीय ठिकाणी पैसा बराच कमी लागतो. भारतीय जनसंचार संस्थेचा जाहिरात आणि जनसंपर्काचा पदविका अभ्यासक्रमही जुना आणि नावाजलेला आहे. माझ्या एजन्सीत या सगळ्या प्रकारच्या संस्थांमधून आलेले लोक आहेत आणि पहिल्या पगारात फरक होता तो थोडकाच. म्हणून माझं प्रामाणिक मत असं की आठ-दहा लाखांचं कर्ज काढून फक्त एजन्सीतल्या पहिल्या नोकरीसाठी हे शिक्षण घेऊ नये. हप्ता भरताना जीव जाईल.

मग वर्षभरात मिळालं काय? सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे लिहिण्याची शिस्त. रोज एक प्रेस नोट, पहिल्या परिच्छेदात बातमी, दुसऱ्यात आकडे, मग अधिकाऱ्याचं म्हणणं. आमच्या एक शिक्षिका पूर्वी एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होत्या. त्या प्रेस नोट वाचून एवढंच विचारायच्या, 'यात बातमी कुठे आहे?' आज क्लायंटने दिलेला चार पानी मजकूर समोर आला की माझा हात आपोआप ती बातमी शोधायला लागतो. साहित्याची पार्श्वभूमी असल्याने मला आधी वाटायचं की लिहिणं तर येतंच. पण दीडशे शब्दांत, संपादकाला हात लावावा लागणार नाही असं लिहिणं हे वेगळंच कसब आहे आणि ते तालमीनेच येतं.

दुसरी गोष्ट म्हणजे संकटाच्या वेळी काय होतं याचा अभ्यास. 2003 साली मुंबईत कॅडबरी डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली, ते प्रकरण आम्ही बारकाईने वाचलं. कंपनीने सुरुवातीला दुकानदारांच्या साठवणुकीकडे बोट दाखवलं, त्यावर पॅकिंगचं काय असा उलटा प्रश्न आला. पुढे दुकानदारांपर्यंत जाऊन साठवणूक सुधारण्याची मोहीम निघाली, 2004 च्या सुरुवातीला नवं, जास्त घट्ट बंद होणारं वेष्टन आलं आणि अमिताभ बच्चन जाहिरातीत आले. वर्गात सगळ्यांच्या लक्षात राहिले ते बच्चन. माझ्या मते त्या प्रकरणाचा गाभा वेष्टनात आहे. वस्तू बदलली म्हणून शब्दांवर विश्वास बसला. पीआरचा माणूस मालकाला 'आधी वस्तू सुधारा' असं सांगू शकतो की नाही, यावर त्याची किंमत ठरते. 2015 च्या मॅगी प्रकरणातही (नूडल्समध्ये शिसं जास्त असल्याच्या आरोपावरून विक्रीवर बंदी आली होती) बंदीचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्द केला, तरी माल दुकानात परतला तो नव्याने चाचण्या होऊन नोव्हेंबरमध्ये. असं सांगण्याइतकं वजन मिळायला वर्षं लागतात. पण त्या खुर्चीवर बसलेल्या लोकांचे पगार पाहिले की या क्षेत्रात पैसा कशाचा मिळतो ते कळतं.

प्रत्यक्ष कामाचं स्वरूप मात्र वर्गात पुरेसं सांगितलं जात नाही. सकाळी नऊच्या आत पेपर चाळून क्लायंटला ट्रॅकर जायला हवा: त्यांच्याबद्दल काय छापून आलं, स्पर्धकांबद्दल काय आलं, सरकारी धोरणात काय हललं. मग पत्रकारांना फोन, मुलाखतीच्या वेळा जुळवणं, प्रेस नोटवर क्लायंटच्या पाच जणांच्या दुरुस्त्या, विधी विभागाची मंजुरी, संध्याकाळी कव्हरेजचा अहवाल. पहिल्या वर्षात मोठा वेळ या अहवालातच जातो. 2010 मध्ये जनसंपर्काच्या मोजमापाची बार्सिलोना तत्त्वं ठरली तेव्हाच जगभरच्या मोजमापतज्ज्ञांनी सांगितलं होतं की छापून आलेल्या जागेची जाहिरातीच्या दराने किंमत काढणं म्हणजे जनसंपर्काचं मूल्य नव्हे. वर्गात आम्ही हे शिकलो, परीक्षेत लिहिलं. ऑफिसात आजही कितीतरी क्लायंट तोच आकडा मागतात, कारण त्यांच्या वरिष्ठांना रुपयातला आकडा दाखवायचा असतो. मला हे मनापासून खुपतं. एखाद्या दवाखान्याच्या बातमीनंतर किती लोक तपासणीला आले, हे विचारायला हवं. काही क्लायंट आता तसं विचारू लागले आहेत आणि त्यांच्यासोबत काम करताना फार समाधान मिळतं.

आता मराठीबद्दल, कारण माझ्यासारख्यांसाठी हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. मुंबईतल्या एजन्सीत इंग्रजी वृत्तपत्रातल्या एका कॉलमचं जितकं कौतुक होतं, तितकं जिल्हा आवृत्त्यांमधल्या दहा बातम्यांचं होत नाही. प्रादेशिक माध्यमांचं काम म्हणजे इंग्रजी मजकूर भाषांतराला पाठवणं आणि आलेला तसाच पुढे ढकलणं, अशी बऱ्याच ठिकाणी पद्धत आहे. कोल्हापूरच्या वार्ताहराला मुंबईच्या कंपनीच्या एकूण उलाढालीत रस नसतो. त्याला कोल्हापुरात किती जणांना काम मिळणार, जागा एमआयडीसीत कुठे, स्थानिक माणूस बोलायला कोण, हे हवं असतं. आणि ते दुपारीच हवं असतं, कारण जिल्ह्याची पानं लवकर लागतात. एका आरोग्यविषयक क्लायंटसाठी मी प्रत्येक जिल्ह्याची प्रेस नोट वेगळी लिहायला लागले. तिथल्याच डॉक्टरांचं म्हणणं आणि तिथलेच आकडे. पूर्वी कोपऱ्यात दोन ओळी यायच्या, आता चार कॉलम लागतात. वार्ताहर स्वतःहून फोन करतात. ज्यांचे ग्राहक गावोगाव आहेत अशा बँका, विमा कंपन्या, ट्रॅक्टर, बियाणं, दुचाकी, रुग्णालयं या सगळ्यांना ही गरज आहे.

तरीही या कौशल्याचे पैसे आपोआप मिळत नाहीत, मागावे लागतात. वर्षाच्या मूल्यमापनात मी आवृत्त्यांनुसार काम मांडलं, तेव्हा पगारवाढ इतरांपेक्षा बरी मिळाली. मागितलं नसतं तर 'भाषांतर चांगलं करते' या एका ओळीत सगळं आटोपलं असतं. मराठीतून आलेल्या प्रत्येकाने आपली बाजू अशी कागदावर मांडावी, संकोच करू नये.

पुढच्या वाटा किती आणि कशा, ते वरिष्ठांकडे आणि आधीच्या तुकड्यांकडे बघून सांगते. एजन्सीत चार-पाच वर्षांत सहा-आठ लाखांच्या पातळीवर माणूस पोहोचतो, टीम सांभाळायला लागला की दहा-पंधराच्या पुढे. पण मोठी उडी बहुतेक वेळा एजन्सी सोडून क्लायंटच्या बाजूला, म्हणजे कंपनीच्या कॉर्पोरेट कम्युनिकेशन विभागात गेल्यावर बसते. तिथे रोज दहा क्लायंटची ओढाताण नसते, एकच संस्था आतून समजून घेता येते. टाटांनी मुंबईत 1943 मध्येच असा स्वतंत्र विभाग सुरू केला होता, म्हणजे ही वाट आजची नाही. मात्र जागा थोड्या आणि त्या क्वचितच रिकाम्या होतात, त्यामुळे एजन्सीतली पहिली तीन वर्षं घासून काढल्याशिवाय तिकडे घेत नाहीत.

एजन्सीच्या आतही वित्तीय जनसंपर्क, म्हणजे कंपन्यांचे निकाल आणि शेअर बाजाराशी संबंधित बातम्यांचं काम, हा भाग सगळ्यात भक्कम पैसे देतो. शेअर बाजारात सूचीबद्ध कंपन्यांना तिमाही संपल्यावर 45 दिवसांत निकाल जाहीर करावे लागतात (वार्षिक निकालांना 60), त्यामुळे वर्षातून चार वेळा या लोकांची झोप उडते. निकाल आधी शेअर बाजाराला आणि मगच पत्रकारांना, हा क्रम चुकवून चालत नाही. निकाल आधी माहीत असलेला पीआरचा माणूसही शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या 2015 च्या इनसायडर ट्रेडिंग (आतल्या माहितीवर शेअरची खरेदी-विक्री) नियमांत येतो. आयपीओच्या (पहिल्यांदा लोकांना शेअर विकण्याच्या) काळात कंपनीने काय बोलायचं यावरही बंधनं असतात. ताळेबंद वाचता येणारा आणि सोप्या भाषेत लिहू शकणारा माणूस दुर्मीळ आहे, म्हणून त्याला मोल आहे.

सरकारी वाट मराठी मुलांनी गंभीरपणे बघावी. राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयात जिल्हा माहिती अधिकारी, सहायक संचालक, माहिती अधिकारी अशी पदं असतात, 'लोकराज्य' मासिकही तेच काढतं. भरती एमपीएससीमार्फत होते आणि पत्रकारिता किंवा जनसंपर्काची पदवी-पदविका तिथे उपयोगी पडते. पात्रतेची नेमकी अट त्या त्या जाहिरातीतच वाचा. केंद्रात भारतीय माहिती सेवा आहे. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून गट अ मध्ये गेलात तर सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन 56,100 पासून सुरू होतं, वर भत्ते. माझ्या 26 हजारांशी ताडून बघा. जाहिरात कधी निघेल याचा भरवसा नाही, हाच त्यातला मोठा अडथळा. महापालिका, एसटी, महावितरण, रेल्वे इथेही जनसंपर्क अधिकारी असतातच.

राजकीय प्रचार आणि इन्फ्लुएन्सरचं काम यांत निवडणुकीच्या किंवा सणांच्या हंगामात चटकन पैसा दिसतो, पण मला तिथे टिकाऊ वाट दिसली नाही. इन्फ्लुएन्सरच्या कामात 2021 पासून जाहिरात मानक परिषदेच्या सूचनांनुसार पैसे घेतलेल्या पोस्टवर तसं स्पष्ट लिहावं लागतं, आणि ते लिहू नका म्हणणारा क्लायंट भेटला तर त्याला नाही म्हणायची तयारी ठेवा. स्वतंत्रपणे मराठी मजकूर लिहून देणाऱ्या एक ताई माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांच्या प्रत्येक बिलातून 10 टक्के टीडीएस (आयकराची आगाऊ कपात) कापला जातो, पैसे दोन-दोन महिने उशिरा येतात, तरी नाशिकला घरी राहून त्या माझ्यापेक्षा जास्त कमावतात. फक्त त्यामागे एजन्सीतल्या सात-आठ वर्षांच्या ओळखी आहेत.

फी भरण्यापूर्वी संस्थेला तीन गोष्टी विचारा. मागच्या तुकडीला मिळालेल्या पॅकेजचा मधला आकडा काय, सर्वोच्च नको. इंटर्नशिपला मानधन मिळतं का. आणि शिकवणाऱ्यांपैकी आज प्रत्यक्ष एजन्सीत किंवा वृत्तपत्रात काम करणारे किती. तिसऱ्याचं उत्तर गोलगोल आलं तर मी तिथे पैसे भरणार नाही.

मी स्वतः वित्तीय विभागात बदली मागितली आहे. त्यासाठी सध्या एनआयएसएमच्या (शेअर बाजाराचं शिक्षण देणारी सेबीची संस्था) एका प्रमाणपत्र परीक्षेचा अभ्यास करते आणि रोज लोकलमध्ये एका कंपनीचा तिमाही निकाल वाचून त्यावर मराठीत दीडशे शब्द लिहिते. माझ्या वरिष्ठ मॅडम ते तपासून देतात आणि पुढच्या निकालांच्या हंगामात मला सोबत घेणार आहेत.