दिवाळी ते चवथ: जॉयस्टिक-थ्रॉटलच्या संचाचा अनुभव

दिवाळीच्या सवलतीत घेतलेला, संगणकावर विमान उडवायच्या खेळांसाठीचा (फ्लाइट सिम) मधल्या किमतीचा जॉयस्टिक-थ्रॉटल संच गोव्याच्या हवेत चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, येईपर्यंत कसा चालला, ते लिहितोय. बटणं किती, हॅट (अंगठ्याने दिशांना ढकलायची बटणं) किती, केबल किती लांब हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं, त्यामुळे ते इथे नाही. स्टिक उत्तम निघाली, थ्रॉटलने, म्हणजे इंजिनाची ताकद कमीजास्त करणाऱ्या लिव्हरने, जुलैत दगा दिला आणि सर्व्हिसवाल्यांनी "पुन्हा कॅलिब्रेट करून बघा" यापलीकडे काही केलं नाही. ब्रँडचं नाव घेत नाही, कारण हा दोष एकट्या त्या मॉडेलचा नाही. थ्रॉटलच्या अ‍ॅक्सिसवर साधा पॉट, म्हणजे पोटेन्शिओमीटर (आत घासत सरकून हालचाल मोजणारा भाग), असलेल्या कुठल्याही संचात तो येऊ शकतो, आणि आपल्या हवेत जरा लवकरच येतो.

स्टिकबद्दल थोडक्यात. मुख्य दोन्ही अ‍ॅक्सिसना चुंबकीय हॉल सेन्सर आहेत, एकमेकांवर घासणारं काही नाही. हात सोडला की मध्यावर येते, डेडझोन (ज्यातली हालचाल खेळ धरत नाही तो पट्टा) शून्य ठेवला तरी विमान कुठे झुकत नाही. पावसाळा बहुतेक गेला, फरक पडला नाही. ट्विस्टला, म्हणजे हँडल पिळून रडर (शेपटीचं सुकाणू) चालवण्याला, मात्र पॉट आहे. तो हँडलच्या आत झाकलेला आहे आणि रडरचं काम तसं कमी, म्हणून अजून ठीक आहे. ४-५ टक्के डेडझोन दिला की भागतं.

आता थ्रॉटल. लिव्हर मधे कुठेतरी ठेवून हात काढला तरी आकडा थरथरतो, ही तक्रार. ऐकायला किरकोळ वाटते, पण सिममध्ये तिचा उपद्रव मोठा आहे. एअरबस ए३२० मध्ये चढताना लिव्हर सीएलच्या (क्लाइंब, म्हणजे चढाईच्या) खाचेत ठेवायची असते. सिग्नल क्षणभर त्या खाचेखाली घसरला की एफएमएवर (वैमानिकासमोरच्या पडद्यावरची मोड दाखवणारी ओळ) "एलव्हीआर सीएलबी", म्हणजे लिव्हर चढाईच्या खाचेत ठेवा, असं लुकलुकायला लागतं, आणि ऑटोथ्रस्टची (इंजिनाची ताकद आपोआप राखणाऱ्या यंत्रणेची) वरची मर्यादा तुमच्या लिव्हरएवढी होते. पीएमडीजी कंपनीच्या, सिममध्ये वेगळ्याने घालायच्या बोइंग ७३७ मध्ये ऑटोथ्रॉटल चालू असताना तुमची थरथरणारी लिव्हर मधे लुडबुड करते. तिथे सेटिंगमध्ये हार्डवेअर थ्रॉटलचा ओव्हरराइड "नेव्हर" किंवा "इन होल्ड मोड ओन्ली" करून तो त्रास थांबवता येतो. पण हाताने उडवताना काय करणार? पावसाळ्यात थेट हवामान लावून दाबोळी विमानतळाच्या २६ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरून बघा. समोरून पश्चिमेचा झोंबरा वारा, वेग सारखा वरखाली, आणि थ्रॉटलची दर सेकंदाला एक-दोन टक्क्यांची दुरुस्ती. तिथे लिव्हरच तीन टक्क्यांनी थरथरत असेल तर तुमची दुरुस्ती त्यात हरवून जाते. डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिममध्ये एफ/ए-१८सी घेऊन टँकरमागे इंधन घ्यायला गेलात तर टँकरच्या नळीच्या टोकावरच्या बास्केटजवळ टिकताच येत नाही.

"डेडझोन वाढवा" हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि इथे तो निरुपयोगी आहे. डेडझोन मध्यावर किंवा टोकांना लागतो, थरथर लिव्हरच्या मधल्या प्रवासात असते. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये रिअ‍ॅक्टिव्हिटी कमी केली की सिग्नल गुळगुळीत होतो खरा, पण इंजिन हाताच्या मागे पडतं. उतरताना तो उशीर थरथरीपेक्षा जास्त नडतो.

दोष नेमका कुठे आहे ते असं शोधायचं. विंडोज की आणि आर दाबून "जॉय.सीपीएल" (joy.cpl) उघडा, थ्रॉटल निवडा, प्रॉपर्टीजमध्ये जाऊन आधी रिसेट टू डिफॉल्ट करा. मग कॅलिब्रेशनच्या खिडकीत रॉ डेटा दाखवायची खूण करा, म्हणजे पट्टीऐवजी आकडे दिसतात. लिव्हर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश, साधारण वीस सेकंद घेऊन न्या. मग चार-पाच ठिकाणी थांबवून हात पूर्ण काढा. १०-बिटच्या अ‍ॅक्सिसला १०२४ पायऱ्या असतात. एक-दोन पायऱ्यांची चाळवाचाळव कुठल्याही पॉटला असते, ती सोडून द्या. आकडा तीस-चाळीसने उड्या मारत असेल, किंवा ठरावीक जागीच मारत असेल, तर पॉटची पट्टी खराब झाली आहे. लिव्हर कुठेही असली तरी सारख्याच उड्या येत असतील तर पॉटला हात लावण्याआधी पोर्ट बदला.

पोर्टमुळे माझं मत बदललं. जुलैत सगळा दोष पॉटचा दिसत होता. थ्रॉटल ज्या यूएसबी हबला (एका पोर्टचे अनेक करणाऱ्या डबीला) जोडलेला होता त्याला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर नव्हता, आणि त्याच हबवर दिव्यांचा कीबोर्ड आणि वेबकॅम होते. यूएसबी २.० चा एक पोर्ट ५०० मिलिअ‍ॅम्पिअर देतो, तो सगळ्यांत वाटला जात होता. थ्रॉटल थेट मदरबोर्डच्या मागच्या पोर्टला लावल्यावर सगळीकडे दिसणारी बारीक थरथर गेली. उरल्या त्या फक्त लिव्हरच्या वरच्या तिसऱ्या भागातल्या उड्या, आणि त्या खऱ्या पॉटच्या. सोबत डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला उपकरण बंद करू देणारी खूण काढून टाका. पोर्ट बदलला की डीसीएस कधीकधी त्याला नवंच उपकरण समजतं आणि सगळी बटणं पुन्हा नेमावी लागतात. म्हणून सेव्ह्ड गेम्समधल्या डीसीएसच्या कॉन्फिगमधलं इनपुट फोल्डर आधी दुसरीकडे कॉपी करून ठेवा.

मग पॉट थ्रॉटलचाच का जातो? स्टिकच्या बुडाला बहुधा रबराची टोपी असते, धूळ आत जात नाही. थ्रॉटलची लिव्हर जिथून बाहेर येते ती फट मात्र वर तोंड करून उघडी. त्यातून धूळ आणि दमट हवा सरळ आत उतरते. पॉटच्या आत कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावरून धातूची जीभ सरकते. क्रूझमध्ये (वर एकाच उंचीवर उडताना) लिव्हर तासन्‌तास एकाच जागी राहते, जीभ एकाच ठिकाणी बसते, बाकीची पट्टी साफ होतच नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंतींना बुरशी येते, त्यात कळंगुट-कोलव्यासारख्या किनाऱ्यावरच्या घरात मिठाची हवा. डिचोली-सांग्याकडे मीठ नाही, पण ओल आहेच.

दुसरं कारण बांधणीतलं आहे, त्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. फिरता पॉट साधारण ३०० अंश फिरतो, थ्रॉटलची लिव्हर ६० अंशच. मधे दातेरी चाकं नसतील तर पट्टीचा पाचवा भागच वापरात येतो, म्हणजे १०२४ पैकी दोनशेच्या आसपास पायऱ्या. कॅलिब्रेशन त्या ताणून शंभर टक्के दाखवतं, त्यामुळे एकेक पायरी अर्ध्या टक्क्याची होते आणि लहानसा कचराही पडद्यावर पाचपट मोठा दिसतो.

सर्व्हिसचं काय झालं तेही सांगतो. वॉरंटी चालू होती. गोव्यात पार्सल घेणारं केंद्र नाही, मुंबईला पाठवायचं, जायचं भाडं आपलं. व्हिडिओ मागितला, दिला. उत्तर आलं की ओलाव्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. पाणी सांडणं वेगळं आणि हवेतली ओल वेगळी. वस्तू गोव्यात विकायची आणि गोव्याची हवा वॉरंटीबाहेर ठेवायची, हे मला मुळीच मान्य नाही. तुम्हाला भांडायचं असेल तर व्हिडिओत रॉ डेटाचे आकडे आणि लिव्हरवरून काढलेला हात एकाच चौकटीत दिसू द्या, दुसऱ्या संगणकावरचाही व्हिडिओ जोडा, आणि फोनवर न बोलता सगळं ईमेलने करा. वॉरंटीचा निकाल लागेपर्यंत स्क्रूवरचं सील तोडू नका.

निकाल विरुद्ध गेल्यावर थ्रॉटल उघडावाच लागला. काम अवघड नाही. केबल काढा, तळाचे रबरी पाय सोलून त्याखालचे स्क्रू काढा, वायर कुठली कुठे जाते त्याचा फोटो घ्या. पॉटच्या तीन पायांपैकी बाहेरच्या दोघांत मल्टिमीटर लावला तर रोध स्थिर यायला हवा, माझ्या संचात १० किलोओहम. मधला आणि एक बाहेरचा धरून लिव्हर हलवली तर तो सलग वाढायला हवा, मधेच तुटू नये. पॉटच्या पायांजवळच्या फटीतून इलेक्ट्रॉनिक्ससाठीच्या कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक लहान फवारा मारा, लिव्हर वीस-तीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा आणि पंधरा मिनिटं उघडंच वाळू द्या. गंज सोडवायला घरात असतो तो तेलकट स्प्रे इथे चालत नाही. त्याचा थर राहतो आणि धूळ त्यावर आणखी चिकटते. फवारा लिव्हर ज्यावरून सरकते त्या रेलवर गेला तर तिथलं ग्रीस धुऊन जातं आणि लिव्हर एकदम सैल पडते. तसं झालं तर प्लॅस्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं रेलवर लावा, पॉटवर नाही.

साफसफाईने उड्या गेल्या आणि काही आठवड्यांत परत आल्या. मग पॉट बदलला. पॉटवर बी१०के असं छापलेलं असतं. त्यातलं बी म्हणजे रेषीय. ए लिहिलेला पॉट आवाजाच्या बटणासाठीचा असतो, तो बसवला तर अर्धी लिव्हर सरकवूनही इंजिन जागचं हलत नाही आणि शेवटच्या टप्प्यात सगळी ताकद एकदम येते. दांड्याची जाडी, लांबी आणि डी आकाराचा काप जुन्याशी जुळवून घ्या. बसवताना लिव्हर मधोमध आणि पॉटही मधोमध ठेवा, नाहीतर एका टोकाला पॉट आधी अडतो आणि जोर लावला की तुटतो. बाहेरच्या दोन वायरी उलट लागल्या तर अ‍ॅक्सिस उलटी चालते, ती सिममध्ये रिव्हर्स करता येते.

नवीन घेणाऱ्यांनी "हॉल सेन्सर" एवढं वाचून थांबू नये. कुठल्या अ‍ॅक्सिसला, ते विचारावं. थ्रस्टमास्टरच्या टी.१६०००एम स्टिकला मुख्य अ‍ॅक्सिसवर चुंबकीय सेन्सर आहेत, ट्विस्टला नाहीत. ती डाव्या-उजव्या दोन्ही हातांना चालते, ही तिची मोठी सोय. त्यांच्याच वॉर्थॉगमध्ये स्टिक आणि थ्रॉटल दोन्हीला हॉल आहेत, पण स्टिकला ट्विस्टच नाही, म्हणजे रडरच्या पेडलचा खर्च वेगळा धरा. व्हीकेबीच्या ग्लॅडिएटर एनएक्सटी ईव्होत ट्विस्टसुद्धा न घासणाऱ्या सेन्सरवर चालतो. प्रवासी विमानंच उडवायची असतील तर खऱ्या खाचा असलेला क्वाड्रंट (अनेक लिव्हरांचा थ्रॉटल) सोयीचा, लढाऊ विमानांना आफ्टरबर्नरची (इंजिनाच्या जादा ताकदीची) एक ठळक खाच पुरते. सरळ रेषेत सरकणाऱ्या थ्रॉटलपेक्षा बिजागरीवर फिरणारा मला आता बरा वाटतो. सरकता आधी हाताला छान लागायचा, पण ओल्या दिवसांत त्याची रेल अडखळते, लहान दुरुस्ती करताना आधी चिकटतो आणि मग एकदम सुटतो. पैसे मर्यादित असतील तर स्टिक साधी घ्या आणि थ्रॉटल चांगला घ्या. दुकानदार नेमका याच्या उलट सल्ला देतात.

बसवण्याबद्दल एवढंच की सक्शन कप सनमायकाच्या खरखरीत टेबलावर टिकत नाहीत. सुताराकडून १८ मिलिमीटर मरीन प्लायचा तुकडा कापून घ्या, तळाच्या भोकांतून स्क्रू मारा आणि प्लाय टेबलाला सी-क्लँपने आवळा.

पावसाळ्यात वापर झाला की फटीवर कापड टाकावं. आठवडाभर हात लागणार नसेल तर थ्रॉटल घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत नारिंगी सिलिका जेलची पाकिटं. दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर तासभर सुकवून परत वापरता येतात. डब्यात ठेवायची वेळ नसेल तर दर दोन दिवसांनी लिव्हर वीसेक वेळा पूर्ण फिरवावी, जीभ पट्टी पुसत राहते.

म्हापशाला किंवा मडगावला कुणी वापरलेला संच विकत असेल तर लॅपटॉप घेऊनच जा. थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा, रॉ डेटा उघडा, आणि लिव्हरचा वरचा तिसरा भाग मुंगीच्या चालीने तपासा. विकणाऱ्याने आधीच सिममध्ये डेडझोन आणि रिअ‍ॅक्टिव्हिटी बदलून ठेवली असेल तर खेळात सगळं ठीक दिसतं, म्हणून खेळ चालू करून दाखवला तरी त्यावर किंमत ठरवू नका.